सोडलेली मरळ

रुक्मिणीकाकीने माझी मरळ तळ्यात सोडून दिली, त्याचा राग मला अजून आहे. "जाऊ दे की आता, किती वर्षं झाली," असं कोणी म्हटलं की तो उलट वाढतो. ज्यांनी आयुष्यात कधी शेवाळात हात घालून मरळीसारखा मासा बाहेर काढला नाही, त्यांनी मला शांत राहायला शिकवू नये.

साल अठ्ठ्याण्णव. पंचांगातला श्रावण संपलेला, पण आमच्या गावात गणपती उठेपर्यंत श्रावणच धरतात. माझी आई कुशाबाई टायफॉईडने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण जेवण गेलं ते गेलंच. पेज दिली की तोंड फिरवायची, दूध दिलं की थुंकायची. माझी बायको भागू वाटी घेऊन बाजेशी बसून राहायची आणि शेवटी ती पेज कुत्र्याला घालायची. कुत्रा तेवढा फुगला. बेल्ह्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आजार गेलाय. आता पोटात अन्न गेलं पाहिजे. नुसत्या बाटल्या लावून माणूस उभं राहत नसतं."

हे मला काय सांगता, तिला सांगा, असं मी म्हणालो. डॉक्टर रागावले. मीही रागावलो.

त्या संध्याकाळी आई आपणहून बोलली. "संपत, मला मरळ आण. रस्सा खाईन."

भागू दचकली. "आत्याबाई, श्रावण हाय. आपल्यात श्रावणात वशाट शिजत न्हाई."

"श्रावण सुटायची वाट बघत बसलीस तर मीच सुटायची," आई म्हणाली. "आणि जित्ती आण रं. मेलेली मरळ आजाऱ्याला देत न्हाईत."

एवढं बोलून ती पुन्हा भिंतीकडे वळली. पण कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. श्रावण गेला खड्ड्यात, असं मी ठरवलं.

आमच्या निमगाव सावाच्या एका अंगाला पाझर तलाव आहे, दुसऱ्या अंगाला आमचा मळा, आणि मध्ये गाव. तळ्याकडून गावात शिरताना पहिलं घर चंपालाल शेठचं. पुढे किराणा दुकान, मागे राहतं घर, आणि मागचं दार उघडलं की तळ्याचा बांध. तळं म्हणायचं एवढंच. पाऊस झाला की कडेने रामबाण गवताची बेटं माजतात, मध्ये शेवाळ पसरतं, आणि पाण्यापेक्षा हिरवं जास्त दिसतं. सरकारने तळं बांधलं आणि विसरून गेलं. गावाने गुरं धुतली आणि तेही विसरलं. मरळीला मात्र हेच आवडतं. तिला स्वच्छ पाणी नको, तिला गचपण हवं. गचपणात दडून बसते, आणि मधूनच वर येऊन तोंडाने हवा पिते. शेवाळाच्या फटीत एक बुडबुडा फुटतो, तेवढाच तिचा पत्ता.

सकाळी मी जाड दोर, मोठा गळ, कळकाची काठी आणि डब्यात चार बेडक्या घेऊन बांधावर बसलो. बसलो म्हणजे काय, कंबरेपर्यंत पाण्यात उभा राहिलो. गळाला बेडकी लावायची, शेवाळाच्या फटीत टाकायची, हलकेच नाचवायची. बेडकी पोहते आहे असं मरळीला वाटलं पाहिजे. हिसका दिला तर गेली. आणि मला हिसका देण्याची जन्मजात सवय. पहिल्या दोन बेडक्या मी स्वतःच फुकट घालवल्या. तिसरी एका पाणकोंबडीने पळवली. त्या पाणकोंबडीला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

चौथी बेडकी टाकली आणि शेवाळ एकदम फुगलं. दोर सरकायला लागला. इथे घाई केली की मेलात. तिला बेडकी गिळू द्यावी लागते. मी दात आवळून उभा राहिलो आणि मग ओढलं. ती खाली गेली, रामबाणाच्या मुळ्यांत शिरली, दोर गुंडाळून बसली. काठी वाकली, मोडली. मी काठी टाकून दिली आणि दोराच्या मागोमाग दोन्ही हात शेवाळात खुपसले. चिखल तोंडात गेला. रामबाणाच्या पानांनी दंड कापले. मुळ्या तोडत तोडत हात तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती मांडीएवढी लागली. सापासारखं डोकं, काळी पाठ, आणि अंगात रेड्याची ताकद. तिला कल्ल्यात बोटं घालून काठावर फेकली तेव्हा मी तिच्याशेजारी आडवा पडलो आणि दोघंही धापा टाकत राहिलो. गळ काढताना तिचा खालचा ओठ डाव्या बाजूला फाटला. मी तिला पाणी भरलेल्या बादलीत घातली, वर ओलं पोतं बांधलं आणि निघालो. त्या वेळी मी खूश होतो. कुठे सांगू नका, पण मी गात होतो.

घरी हळद संपली होती, धने आणि आमसूल पण हवं होतं. म्हणून चंपालाल शेठच्या दुकानापाशी थांबलो. तिथेच सगळा घोळ झाला.

आता आमचं आणि त्या घराचं सांगायला हवं. रुक्मिणीकाकी म्हणजे शेठची बायको. राजस्थानातून लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आई त्यांच्याकडे दूध घालायला जायची. दूध मापता मापता आईनेच तिला बोलायला शिकवलं. त्यामुळे काकीची मराठी अगदी आमच्या आईच्या तोंडची, शिव्यांसकट. शेठ कपाळाला हात लावायचे. दोघी एकमेकींना 'कुशा' आणि 'रुक्मिणी' म्हणायच्या, गावात दुसरं कोणी त्यांना असं म्हणत नव्हतं.

आणि आईने आम्हा भावंडांना एक गोष्ट घोटून शिकवली होती. ते जैन लोक आहेत, त्यांच्या उंबऱ्यावर वशाटाचं नाव काढायचं नाही. मटण, मासे काही हातात असेल तर झाकायचं, बाहेर ठेवायचं, आणि कोणी विचारलं तर "काय न्हाई, जरा सामान हाय" म्हणायचं. काकीलाही ठाऊक असायचं, पण ती विचारायची नाही. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं. त्यातून तेव्हा त्यांचं पर्युषण चालू होतं आणि काकीने अठ्ठाई धरली होती, म्हणजे पर्युषणाचे आठही दिवस कडकडीत उपास, फक्त उकळलेलं पाणी. मग तर मी जास्तच सांभाळून वागलो. बादली पायरीच्या खाली, कडेला ठेवली. पोतं नीट ओढलं. पाय झटकून वर गेलो.

काकी पायरीवरच बसली होती. उपासाने चेहरा उतरलेला. तिने विचारलं, "कुशा कशी हाय?"

"तशीच हाय," मी म्हणालो.

"जेवती का काय?"

"न्हाई."

"आणि बादलीत काय रं?"

"काय न्हाई काकी, जरा सामान हाय," मी म्हणालो, आणि आत गेलो.

शेठ धने तोलायला लागले की सोनं तोलल्यासारखे तोलतात. वर बेल्ह्याच्या बाजाराच्या गप्पा, कांद्याचा भाव, मुलगा पिंटू अभ्यास करत नाही याचं रडगाणं. मी हं हं करत उभा. पुड्या बांधून झाल्या, बाहेर आलो, तर पायरीवर काकी नाही आणि पायरीखाली बादली नाही. पोतं मात्र घडी घालून ठेवलेलं.

घडी घालून! ती घडी आठवली की आजही माझं डोकं सणकतं.

घराच्या बाजूने काकी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात रिकामी बादली. चालताना भिंतीला धरत होती, पण चेहऱ्यावर असा उजेड की विचारू नका. म्हणाली, "संपत, तिनं उडी मारली रं, पोतं हललं, म्हणून बघितलं. जित्ती व्हती. तळ्यात सोडली. चालत गेली बघ शेवाळात. पर्युषणाच्या दिवसात तुझ्या हातनं एक जीव वाचला, तुला बी पुण्य लागंल."

 माझ्या तोंडून जो आवाज फुटला तो चावडीपर्यंत ऐकू गेला.

"तुमचं पुण्य घाला चुलीत! ती मरळ आईसाठी व्हती! आई अन्न शिवत न्हाई, तिनं तोंडानं मागितली व्हती, सकाळधरनं चिखलात मेलोय मी तिच्यासाठी!"

काकीच्या हातातली बादली खाली पडली. "कुशासाठी? आरं मग बोलला का न्हाईस? मी इचारलं व्हतं की तुला!"

"तुमच्या उंबऱ्यावर बोलायचं असतं का? आईनंच शिकवलंय, बोलायचं न्हाई!"

शेठ गल्ल्यावरून उठून आले. "संपत, आवाज खाली घे. दुकान हाय."

"दुकान ऱ्हाऊ द्या तुमचं! दुसऱ्याच्या बादलीला हात लावायचा न्हाई, एवढं शिकवलं न्हाई का तुमच्या म्हाराजांनी? आई मेली म्हंजे या आता, तिचा बी जीव सोडवा!"

हे बोललो. बोलायला नको होतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेठ पांढरे पडले. काकी पायरीवर मटकन बसली आणि मी धन्याच्या पुड्या तिथेच आपटून, बादली उचलून पुन्हा तळ्यावर गेलो.

बेडक्या संपल्या होत्या, काठी मोडली होती, आणि त्या बाईने मरळ नेमकी कुठे सोडली ते मला ठाऊक नव्हतं. ओढ्यातून बेडक्या धरल्या, नवा कळक तोडला. उन्हं उतरेपर्यंत त्या घाणेरड्या शेवाळात दोर टाकत राहिलो. एक बुडबुडा नाही. बांधावरून हौशीराम गुराख्याने हाक मारली, "काय राव, श्रावणात मासं? देव बगतोय!" मी त्याला म्हणालो, देवाला काम नाही का दुसरं, आणि तुलाही नाही का? तो हसत गेला. शेवटी दोर आडव्या मुळीत अडकला आणि तुटला. मी रिकामी बादली घेऊन मळ्याकडे निघालो. आईला काय सांगायचं हेच डोक्यात. रडू आलं असतं, पण रागाने जागा ठेवली नव्हती.

गोठ्यापाशी आलो तर घरातून भांडणाचा आवाज. मला वाटलं भागूला काही झालं. धावत आत गेलो. बाजेवर आई, आणि तिच्यासमोर जमिनीवर रुक्मिणीकाकी. अठ्ठाईचा उपास अंगावर घेऊन ती गावातून मळ्यापर्यंत चालत आली होती. आणि दोघी एकमेकींवर कडाडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना भांडताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या ताटातलं काढून तळ्यात टाकलंस व्हय गं?" आई ओरडत होती. आवाज चिरका, पण ओरडणंच ते.

"मला काय सपान पडलं व्हतं तुझं ताट हाय म्हणून?"

"आणि ठावं असतं तर? माझ्यासाठी हाय हे ठावं असतं तर सोडली नसतीस?"

 भागू दाराशी जीव मुठीत धरून उभी. मी बादली हातात धरून उभा. मला वाटलं आता ही खोटं बोलेल, कोणीही बोललं असतं, आजाऱ्याशी सगळे खोटं बोलतात. काकीने मान खाली घातली आणि म्हणाली, "तरी बी सोडली असती, कुशा. माझ्या म्होरं जीव तडफडत व्हता. तुज्याशी खोटं न्हाई बोलायची."

आईने बाजेच्या लाकडी गातीला हात घातला. तो हात कितीतरी दिवस नुसता पडून होता. तिने ताण दिला, दुसरा हात टेकला आणि उठून बसली. कोणी धरलं नाही, धरू दिलंच नसतं. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"ऐकलंस का भागू? ऐकलंस? दूध घालून घालून बोलायला शिकवली म्या हिला, आणि ही मला हे सांगती! तिला मासळी प्यारी, मी न्हाई! आण, भाकर आण. मरत न्हाई म्या. हिच्या नाकावर टिच्चून जगते."

भागूने धावत जाऊन दुधात कुस्करलेली भाकर आणली. आईने काकीकडे डोळे वटारून पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. तिसऱ्याला उमळून आलं तेव्हा ताट सरकवलं, पण दोन घास पोटात गेले होते. ते पेजेने जमलं नव्हतं, डॉक्टरला जमलं नव्हतं. आणि मला? मला आनंद झाला असं म्हणावं तर काकीचा राग इतका होता की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

"संपत," आई म्हणाली, "उद्या परत जा. तीच मरळ आण. आणि चोरावाणी आडवाटेनं येऊ नको. हिच्या दारावरनं ये. बादली उघडी ठेव."

"आणू दे," काकी उठत म्हणाली. भिंतीला धरून उठली. "मी बी पायरीवरच बसते. दिसली तर परत सोडीन."

"सोड! तो परत धरंल!"

"मी परत सोडीन!"

भागूने तिला बैलगाडीतून पोचवायला सांगितलं मला. मी नाही म्हणालो. मग आईनेच माझ्यावर डोळे वटारले आणि मी गाडी जुंपली.  दुकानापाशी उतरताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. हात अगदी हलका होता, उपासाचा. मी खांदा काढून घेतला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ शेठच्या मागच्या बांधासमोर पाण्यात शिरलो. काकी उपाशी पोटी किती लांब जाणार? तिने तिथेच सोडली असणार. एका फटीत बुडबुडा फुटला. बेडकी टाकली. या वेळी हिसका दिला नाही. इतका राग होता की हातच थरथरत नव्हते. शेवाळ फुगलं, मी थांबलो, मग ओढलं, आणि पुन्हा सगळं तेच: मुळ्या, चिखल, कापलेले हात. वर आली तेव्हा पाहिलं. खालचा ओठ डाव्या बाजूला फाटलेला. मी मोठ्याने हसलो. तळ्यात दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं.

बादली उघडी ठेवली. मरळ सारखी उसळत होती, हाताने दाबत दाबत दुकानासमोर आलो. त्या दिवशी त्यांची संवत्सरी होती, पर्युषणाचा शेवटचा दिवस. बेल्ह्याला जैन स्थानकात जायला जीप दारात उभी, शेठ, पिंटू, धाकटी रिंकू सगळे स्वच्छ कपड्यांत. काकी पायरीवर. मी मुद्दाम थांबलो आणि जन्मात पहिल्यांदा त्या उंबऱ्यासमोर नाव घेऊन म्हणालो, "मरळ हाय. आईसाठी."

मी बादलीपुढे पाय रोवून उभा राहिलो. सोडायला आली असती तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. काकी खाली आली, वाकून बादलीत पाहिलं. फाटलेला ओठ पाहिला.

"तीच हाय," ती म्हणाली. "हिला म्या सांगितलं व्हतं, जा म्हणून."

तिने हात जोडले. माणसाला जोडावेत तसे, त्या मरळीला. "मिच्छामि दुक्कडम," म्हणाली. संवत्सरीला ते लोक एकमेकांची माफी मागतात, ते हे शब्द. दर वर्षी आमच्या दारी येऊन ती आईलाही म्हणायची आणि आई म्हणायची, बरं बरं, दूध किती घालू? मी बादली उचलली आणि चालायला लागलो. मागून शेठ ओरडले, "अगं, जीप थांबलीय!" वळून पाहिलं तर काकी माझ्या मागे येत होती.

मळ्यापर्यंत ती तशीच मागे चालत राहिली. मी वेग वाढवला तरी येत राहिली. मला संताप आला. काय हवंय हिला आता? मरळ मिळाली नाही म्हणून रडायला येतेय, की आईला शाप द्यायला? गोठ्यापाशी वळून म्हणालो, "काकी, आता हिला हात लावू देणार न्हाई." ती म्हणाली, "मागतं कोण?" आणि अंगणातल्या दगडावर बसली. घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. पदर नाकावर धरला.

भागूने मरळ राखेत घोळली, कापली, धने नव्हते म्हणून तसाच रस्सा केला. वास अंगणात गेला असणारच. काकी उठली नाही. दोनदा तिला ओकारी आल्यासारखं झालं, खांदे हलले, तरी उठली नाही. बेल्ह्याला तिची माणसं प्रतिक्रमणाला, वर्षभराच्या पापांची माफी मागायला, बसणार होती, आणि ही बाई वशाट शिजणाऱ्या घराच्या दारात बसली होती.

आईने भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि खायला लागली. सावकाश, डोळे मिटून. मी तिच्यासमोर बसून पाहत होतो. अंगणातून आवाज आला.

"खाती का रं?"

मी रश्श्याचं पातेलं आईजवळ सरकवलं.

"संपत! खाती का न्हाई ती?"

"खाती," मी खेकसलो.

"किती खाल्लं?"

"अर्धी भाकर."

"अर्धीच?" काकी रस्त्याकडेच तोंड करून ओरडली, नाकावरच्या पदरातून. "आणखी वाढ म्हणावं तिला. एवढा जीव घेतला तो अर्ध्या भाकरीसाठी व्हय? सगळं खा म्हणावं तिला, सगळं!"

आई आतून म्हणाली, "वाढ रं संपत. न्हाईतर ती घरी जायची न्हाई, आणि उपाशी मरंल माझ्या दारात."

मला त्या बाईचा इतका राग आला, इतका की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. मी आणखी अर्धी भाकरी कुस्करली आणि शेपटीकडचा मोठा तुकडा आईच्या ताटात वाढला.